आधी वॅट, मग फ्रेम

पन्नास-साठ हजारांत तयार गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं, की दुकान अमरावतीतलं असो वा अकोल्यातलं, पाटीवर चार गोष्टी ठळक दिसतात: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. ऑनलाइन विकणाऱ्यांची यादी जरा लांब असते, पण क्रम तोच. वीज पुरवणारा एसएमपीएस कोणाचा, प्रोसेसरवर हीटसिंक कुठला, कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची की बंद काचेची, बिघडलं तर कोण कुठे नेणार, हे सगळं तळाशी बारीक अक्षरांत. कित्येकदा तेही नाही. वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकाने ही यादी तळापासून वर वाचावी, असं माझं मत आहे. ज्या चाचण्या पाहून आपण ‘हे कार्ड घ्यायचं, ते नको’ असं ठरवतो, त्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत, स्थिर विजेवर आणि धूळ न शिरलेल्या नव्याकोऱ्या डब्यात केलेल्या असतात. अकोल्यात मे महिन्यात ४२-४३ अंश हे रोजचंच. ४५-४६ झाले तरच पेपरात मथळा येतो. त्यात उन्हाळ्यात येणारी-जाणारी लाइट, कूलरचा ओलावा आणि कपाशीच्या पट्ट्यातली बारीक धूळ. चाचणीतला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या हवेतला नसतो.

आधी उष्णतेचं गणित पाहू. पंख्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा किती अंश जास्त गरम राहील, हे ती किती वॅट खाते आणि तिच्यावरचा हीटसिंक कसा आहे यावर ठरतं. खोली थंड असो वा तापलेली, हा फरक जवळजवळ तेवढाच राहतो. समजा, २२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावला. फरक ५० अंशांचा. तोच डबा ४० अंशांच्या खोलीत ठेवला, की प्रोसेसर ९० वर जातो, आणि पुढची जाळी धुळीने बुजली असेल तर त्याहून वर. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १००. एनव्हिडियाची कार्डं साधारण ८०-८५ अंशांच्या आसपास पोचली की वेग आवरायला लागतात. मर्यादेला टेकलेली चिप जळत नाही, बंदही पडत नाही, नुसती मंदावते. म्हणूनच हा तोटा कुणाच्या नजरेत भरत नाही. गेम अडखळला की आपण इंटरनेटला दोष देतो, गेमला देतो, कार्ड जुनं झालं म्हणतो. प्रत्यक्षात ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग मार्च ते जून आपल्या पदरात पडतच नसतो.

म्हणून कार्डाच्या नावाआधी त्याचा वीजवापर वाचावा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ५०५० ला १३०, आरटीएक्स ५०६० ला १४५, एएमडीच्या आरएक्स ६६०० ला १३२ आणि इंटेलच्या आर्क बी५८० ला १९०. बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे, बाकी चारांवर ८, त्यामुळे कागदावर ते कार्ड फार मोहात पाडतं. थंड खोलीत, मोकळ्या हवेच्या कॅबिनेटमध्ये तो मोह रास्तही आहे. पण ज्या तयार पीसीत त्याच्याभोवती काचेचा बंद डबा, मागे एकच पंखा आणि अनोळखी एसएमपीएस येतो, तिथे ४५-७५ वॅटची जास्तीची उष्णता जायला वाट उरत नाही. प्रोसेसरचंही तेच. आय-५ १२४००एफ वर ६५ वॅट लिहिलेले असतात खरे, पण इंटेलच्याच कागदात त्याची टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे. गेममध्ये तो इतकं खात नाही, व्हिडिओ रेंडर करताना मात्र खाऊ शकतो. खोक्यात फुकट मिळणारा छोटा पंखा पुण्यातल्या डिसेंबरात पुरतो. अकोल्यातल्या मे महिन्यात हजार-दीड हजारांचा चार पाइपांचा हीटसिंक बसवला तर मधले दहा-पंधरा अंश सहज वाचतात. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा भाग पीसीत नाही, आणि तयार पीसी विकणारे नेमका तोच गाळतात, कारण पाटीवर त्याला जागा नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की दुपारी कोण खेळतं? मुलं खेळतात रात्री. पण वऱ्हाडातली उन्हाळी रात्र स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतं, आणि वरच्या मजल्यावरची खोली दहा वाजताही ३५ च्या खाली येत नाही. शिवाय पीसी स्वतः हीटर आहे. त्यात शिरलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. ३०० वॅट खाणारा पीसी म्हणजे खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्याइतकी ऊब, कारण शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट बाहेर पडतात. ज्यांच्या खोलीत एसी आहे त्यांना मात्र हा सगळा हिशोब फारसा लागू नाही, हे कबूल केलंच पाहिजे. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, त्याला या तीनशेचं काहीच नाही. पण बेताच्या बजेटचा पीसी ज्या घरात येतो तिथे बहुधा कूलर असतो, आणि कूलरचं प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, आणि कोरड्या हवेत हे काम फार छान होतं. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा सैद्धांतिकदृष्ट्या २३ अंशांच्या आसपास उतरू शकते; चांगल्या ओल्या ताट्यांचा कूलर प्रत्यक्षात २७-२८ ची हवा देतो आणि खोली ३० च्या आसपास राहते. पीसीच्या दृष्टीने हे दहा-बारा अंशांचं दान आहे. तरी बरेचजण कूलर चालू असताना पीसी लावायला भितात: ओलावा आत जाऊन बोर्ड जळेल म्हणून. ही भीती अर्धीच खरी आहे. हवेतली वाफ पाणी होऊन एखाद्या वस्तूवर बसण्यासाठी ती वस्तू दवबिंदूपेक्षा थंड असावी लागते. चालू पीसीतली प्रत्येक चिप खोलीपेक्षा गरम असते आणि बंद पीसी खोलीइतकाच. त्यामुळे आत दव धरत नाही. खरा धोका वाफेचा नाही, तुषारांचा आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, जमिनीतलं पाणी खारट आहे. असं बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं तर वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते ताट्यांवर पांढरे थर धरून राहतात. पण पंख्याच्या जोराने जे बारीक थेंब उडतात त्यांच्यातून ते समोर ठेवलेल्या वस्तूवर जाऊन बसतात. क्षारांचा थर हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यात धूळ मिसळते, आणि अशा लेपाखाली सोल्डरचे सांधे व स्लॉटचे संपर्क गंजतात. तेव्हा कूलर लावावा, बिनधास्त लावावा, फक्त पीसी त्याच्या थेट झोतात नको आणि शक्य असेल तर टाकीत नळाचं पाणी असावं. जाळीची पुढची बाजू, तिच्यामागे काढून धुता येईल असं फिल्टर, आणि पुढे दोन पंखे हवा आत घेणारे: कॅबिनेटकडून वऱ्हाडात एवढीच अपेक्षा आहे. दिवे किती रंग बदलतात ते नंतर पाहू.

आता विजेकडे. तयार पीसीत सर्वांत जास्त फसवणूक एसएमपीएसमध्ये होते, आणि ती पकडायला अवजार लागत नाही, गुणाकार येत असला की पुरे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचं आणि १२ ने गुणायचं. मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेल्या डब्यावर तिथे १८ अँपिअर असतील, तर गेमिंगच्या कामाचे वॅट झाले २१६. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांवर दाखवून पाचशे भरलेले असतात, आणि आजच्या पीसीला त्यांची फारशी गरजच नसते. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर असते. ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची आहे. ती असणं चांगलंच, पण ती सुरक्षिततेचा दाखला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे वॅट किती तापमानाला मोजले. नामांकित कंपन्या आपले आकडे ४० किंवा ५० अंशांना देतात आणि तसं लिहितात. जिथे तापमान लिहिलेलंच नाही, तिथे आकडा थंड खोलीतला धरायचा. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. स्वस्त डब्यात ८५ अंशांचे कपॅसिटर घालतात, चांगल्यात १०५ चे. हा वीस अंशांचा फरक थंड गावात पाच-सात वर्षं लपून राहू शकतो. आपल्याकडे इतकी वर्षं वाट पाहावी लागत नाही.

एसएमपीएसनंतर यूपीएस येतो, आणि इथे वॅटचा हिशोब सगळ्यात आधी अंगावर येतो. दुकानात पीसीसोबत सर्रास मिळणारा यूपीएस ६०० व्हीएचा असतो. त्याची खरी क्षमता बहुतेक मॉडेलांत ३६० वॅट. गेम चालू असताना प्रोसेसर ८० वॅट, आरटीएक्स ५०५० सारखं कार्ड १३०, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ४० धरले तर २५० होतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की भिंतीतून २९४ वॅट ओढले जातात, आणि मॉनिटरचे अठ्ठावीस-तीस मिळवून आकडा ३२२ च्या आसपास जातो. कसाबसा बसला. याच हिशोबात १९० वॅटचं कार्ड घातलं की बेरीज ३९३ वर जाते, आणि लाइट गेली की यूपीएस पीसीला वाचवण्याऐवजी स्वतःच ओव्हरलोडची शिटी मारून बंद पडतो. मग १००० किंवा ११०० व्हीएचा यूपीएस घ्यावा लागतो. म्हणजे वरच्या कार्डाची किंमत कार्डाच्या किमतीवर थांबत नाही. यूपीएस, हीटसिंक, कॅबिनेट अशी ती खाली झिरपत जाते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असंही काहीजण म्हणतात. इन्व्हर्टर चौरस लहरीचा असेल तर सक्रिय पीएफसी असलेले चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात, आणि लाइट जाणं व इन्व्हर्टरने भार उचलणं यातला क्षण लांबला तर पीसी रीस्टार्ट होतो. एसएमपीएस स्वतःच्या जिवावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला तर काम बऱ्यापैकी भागतं. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्यावं, विशेषतः जुन्या वस्तीत. मान्सूनपूर्व वादळात वीज खांबावरून येते तशी बाहेरून ओढलेल्या इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधूनही येते, आणि ती यूपीएसला वळसा घालून थेट बोर्डात शिरते.

इथे गेमिंगचा षौक असलेला वाचक वैतागून म्हणेल: साठ हजारांतले पाच-सहा हजार अशा न दिसणाऱ्या भागांत घातले तर कार्ड एक पायरी खालचं येतं, फ्रेम कमी मिळतात, मग गेमिंग पीसी घेतला कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर खेळल्या जाणाऱ्या गेमांत आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, माइनक्राफ्ट, क्रिकेटचे आणि फुटबॉलचे गेम यांतलं काहीच वरच्या कार्डासाठी अडून बसत नाही. जीटीए ५ पीसीवर आला तो २०१५ साली; आजचं ८ जीबीचं कुठलंही कार्ड तो १०८० पी मध्ये आरामात चालवतं. शिवाय मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झचा असेल तर त्यापुढच्या फ्रेम पडद्यावर नीट येतच नाहीत, त्या फक्त खोली तापवतात. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला मॉनिटरइतका लगाम घातला आणि कार्डाची वीजमर्यादा ८०-८५ टक्क्यांवर आणली, तर वेग थोडासाच घटतो आणि उष्णता बरीच. याला पैसे पडत नाहीत. ज्यांना सायबरपंक २०७७ सारखे जड गेम सगळ्या दिव्यांसकट खेळायचे आहेत त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी बजेट वाढवावं, पण एसएमपीएसच्या पैशातून कार्ड घेऊ नये. आणि ज्यांचं बजेट चाळिसाच्या आतच आहे, त्यांनी कार्ड घेऊच नये. रायझन ५ ५६००जी किंवा जमलं तर ८६००जी सारखा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्यावा, चांगला एसएमपीएस घ्यावा, आणि कार्डाची जागा पुढच्या वर्षासाठी रिकामी सोडावी. असा पीसी खेळतानाही शंभर-सव्वाशे वॅटवर भागवतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरून उरतो.

पाटीवरच्या नावांकडे आता वळू, कारण तळापासून वाचायचं म्हणजे वरचं वाचायचंच नाही असं नव्हे. ‘आय-७’ हे अर्धं नाव आहे. पुढचा आकडा पिढी सांगतो आणि पाटीवर नेमका तोच नसतो. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपला दिव्यांचं कॅबिनेट चढवून जो ‘आय-७ गेमिंग पीसी’ विकला जातो, त्यात पुष्कळदा २०११ चा आय-७ २६०० किंवा २०१२ चा आय-७ ३७७० असतो: चार कोर, आठ थ्रेड. २०२२ च्या आय-३ १२१००एफ मध्येही चार कोर, आठ थ्रेडच आहेत, पण तो या दोघांना फार मागे टाकतो. जुन्या जोडीत एव्हीएक्स२ ही सूचनावली नाही, जी आता कित्येक सॉफ्टवेअर गृहीत धरतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी पोरगं पीसी मागतंय, तोच त्यावर चालेल की नाही याची खात्री नाही.

‘४ जीबी ग्राफिक्स’ ही तर त्याहून जुनी युक्ती. डीडीआर३ मेमरीचं ४ जीबीचं जीटी ७३० आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० यांत जीबी सारखे आहेत, पण पहिल्याची मेमरी सेकंदाला ३० जीबीसुद्धा हलवत नाही आणि दुसऱ्याची १२८ हलवते. जीबी म्हणजे गोदाम, पळतो तो रस्ता. नव्या नावांतही सापळे आहेत. आरटीएक्स ३०५० दोन आहेत: २०२२ मधलं ८ जीबीचं, २५६० कोर आणि १२८ बिटचं, २०२४ मधलं ६ जीबीचं, २३०४ कोर आणि ९६ बिटचं. नाव एकच, वेग वेगळा. गंमत म्हणजे वॅटच्या बाजूने पाहिलं तर हे दुसरं, कमी प्रतीचं कार्डच काही घरांना जास्त सोयीचं ठरतं: ते ७० वॅटवर भागतं आणि त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. तेवढ्या किमतीला मिळालं तर घ्यावं. ८ जीबीवाल्याच्या भावात मिळत असेल तर नको. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ हे नाव दिसलं तर ते मुळात आरएक्स ५७० च्या तोडीचं कार्ड आहे, आणि स्वस्त मिळत असेल तर क्रिप्टो खाणकामात घासलेलं असण्याची शक्यता धरून चालावं. प्रोसेसरमध्ये रायझन ५ ५५०० आणि ५६०० शेजारी-शेजारी ठेवले तर शंभराचाच फरक वाटतो. पण पहिल्याचा एल३ कॅश १६ एमबी, दुसऱ्याचा ३२. पहिला पीसीआय एक्सप्रेस ३ वर थांबतो, दुसरा ४ वर जातो. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी कार्डं आठच लेन वापरतात, त्यामुळे हा फरक त्यांना लागतोही.

तयार पीसी कुणाकडून घ्यावा? एचपी, डेल, लेनोव्होसारख्यांचा सीलबंद डेस्कटॉप घेतला तर सोबत मूळ विंडोज आणि कंपनीची सेवा मिळते, बऱ्याचदा घरी येऊन. पण त्यांच्या अनेक डेस्कटॉपमध्ये बोर्ड आणि वीजजोडणी कंपनीच्या स्वतःच्या आराखड्याची असते. वॉरंटीनंतर एसएमपीएस गेला तर बाजारातला बसत नाही, आणि डब्यात हवा खेळायला जागा कमीच असते. कोलकाता, मुंबई, चेन्नईच्या ऑनलाइन दुकानांत सुटे भाग निवडून पीसी जोडून मागवता येतो, तिथे यादी स्पष्ट असते. जोडलेला डबा प्रवासात हादरे खातो, म्हणून जड कार्ड वेगळं पॅक करायला सांगावं.   माझं झुकतं माप तिसऱ्या वाटेला: गावातलंच दुकान, पण त्याचं तयार ‘कॉम्बो’ जसंच्या तसं न घेता त्यातला एसएमपीएस, हीटसिंक आणि कॅबिनेट आपण सांगून बदलून घ्यायचं. मे महिन्यात डबा बिघडला तर तो उघडून पाहणारा माणूस दहा मिनिटांवर असण्याची किंमत मोठी आहे. सुट्या भागांची वॉरंटी भागागणिक वेगळी चालते, खोकाबंद प्रोसेसरला बहुधा तीन वर्षं. खोक्याविना ‘ट्रे’ म्हणून आलेल्या प्रोसेसरला कंपनी दारात उभी करत नाही. दुरुस्तीला भाग नागपूरला गेला तर बरं, नाहीतर मुंबई-पुणं.

इथेच कच्च्या बिलाचा मोह आडवा येतो. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणजे साठ हजारांत नऊ-दहा हजारांची बचत, आणि ती कार्डात घालता येते! पण वॉरंटीला बिलाची तारीख आणि सिरियल नंबर लागतो, आणि भांडायची वेळ आली तर हातात कागद लागतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे पीसी कोलकात्याहून मागवला तरी अमरावतीकराने अमरावतीच्या जिल्हा आयोगात जावं, विक्रेत्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. ही सगळी ताकद पक्क्या बिलावर, आणि बिलात प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल व सिरियल नंबर असण्यावर उभी आहे. ‘गेमिंग पीसी, १ नग’ एवढंच लिहिलेल्या बिलाने एसएमपीएस कोणता होता ते सिद्ध होत नाही.

दुकानातून उचलण्याआधी पीसी अर्धा तास ताणून पाहावा. सिनेबेंच आणि फरमार्क एकत्र चालू ठेवावेत, बाजूला एचडब्ल्यूइन्फोवर तापमान आणि वेग पाहावा, आणि त्या वेळी दुकानातलं तापमान किती होतं ते लिहून घ्यावं. एसीच्या दुकानात २५ अंशांना प्रोसेसर ८० वर गेला असेल, तर घरच्या ४० अंशांत तो ९५ ला टेकणार, हे घरी न्यायच्या आधीच कळतं. दुकानदार नको म्हणाला तर त्यातूनही काहीतरी कळतंच. लॅपटॉपबद्दल थोडक्यात: वसतिगृहात राहणाऱ्याला, गावी ये-जा करणाऱ्याला तो बरा, कारण बॅटरी हाच त्याचा यूपीएस. मात्र उन्हाळ्यात त्याच्या बारीक पंख्यांची गत डेस्कटॉपपेक्षा वाईट होते.

शेवटचा मुद्दा रॅमचा, कारण आत्ता किमतीचं गणित तिथेच फिरलंय. २०२५ च्या शेवटी मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला आणि काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीवर गेले; मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. ‘सुटे भाग घेऊन जोडलेला पीसी नेहमीच स्वस्त’ हा जुना नियम त्यामुळे डळमळला आहे. विक्रेत्याकडे जुन्या भावाचा साठा असेल तोवर तयार पीसी खरोखर स्वस्त पडू शकतो. फक्त आत पट्टी कशी आहे ते विचारावं. ३२०० च्या डीडीआर४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या ५१.२. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असलेल्या पीसीला हा फरक थेट फ्रेममध्ये दिसतो, तिथे ८ च्या दोन पट्ट्यांवाचून इलाज नाही. वेगळं कार्ड असेल तर त्याची मेमरी त्याच्यापाशी असते, फटका कमी बसतो. तिथे बोर्ड दोनच स्लॉटचा असेल तर १६ ची एक पट्टी घेऊन दुसरा स्लॉट भाव उतरेपर्यंत रिकामा ठेवणं मला जास्त पटतं. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर ८ च्या दोन घ्याव्यात.